सुईभाऊ आणि गाठींची दोरी

माणसाच्या रक्ताच्या थेंबाचं इतकं तोंड भरून कौतुक करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. सुईभाऊ बोटाला सुई टोचायचे, थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचे, पट्टी उन्हात धरायचे आणि ओरडायचे, "पाह्य ना, बाई, पाह्य ना! काय झकास थेंब आला! असा थेंब चंद्रपुरात शोधून नाई भेटत!" ज्याचा थेंब असेल त्याची छाती फुगायची. आमच्या कोसमटोल्यात ताप नसलेली माणसंसुद्धा बोट पुढे करून रांगेत बसायची. आपला थेंब आज कसा येतो, हे त्यांना बघायचं असायचं.

ते मलेरियाचे कर्मचारी होते. दर पंधरा दिवसांनी जंगलातल्या वाटेने सायकल दामटत यायचे, घरोघर रक्त तपासायला घ्यायचे आणि दारामागच्या भिंतीवर आखलेल्या चौकटीत निळ्या पेन्सिलीने तारीख टाकून सही करायचे. सायकलला घंटी नव्हती. नाल्यापाशी पोचले की तेच तोंडाने "ट्रिंग ट्रिंग, आलो रे आलो!" असा पुकारा करायचे. त्यांचं खरं नाव हजेरीच्या कागदावर असेल, गावात ते कुणी घेतलं नाही. ते धानोऱ्याकडच्या एका गोंड पाड्यातले, मोहाचं पहिलं फूल दिसलं तरी कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहू न शकणारे. मी त्यांना गमतीने म्हणायची, "भाऊ, तुम्हाला कधी कंटाळा येतो का?" ते चक्क विचारात पडायचे आणि म्हणायचे, "एकडाव आला होता वाटते. पण मंग इसरलो."

आम्ही नवराबायको दोघंही त्या गावच्या दोन मास्तरांच्या शाळेत होतो. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच चंद्रपुरातून वेगळा झाला होता. माझं माहेर चंद्रपूरचं. वडिलांनी गिरणीत हमाली करून आम्हा बहिणींना शिकवलं, त्यामुळे शाळा म्हणजे माझ्या अंगात भिनलेली गोष्ट. मी तशी तापट बाई. पोरं मला घाबरत, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

आमची संघमित्रा, म्हणजे मितू, पावणेचार वर्षांची असताना पडायला लागली. हे पडणं लहान मुलांचं अडखळणं नव्हतं. चालता चालता, कधी नुसती उभी असतानाही तिची मान खाली झुकायची आणि ती जागच्या जागी कोसळायची. मी धावत पोचेपर्यंत उठूनही बसायची. एकदा ती मला "आई, कावळा" असं सांगत होती. "आई" म्हणाली, धाडकन पडली, उठली आणि कपाळावर टेंगूळ घेऊन "कावळा" म्हणाली. मधलं पडणं जणू घडलंच नव्हतं.

गावात फिट येणाऱ्याला चप्पल हुंगवायची पद्धत होती. पण मितूच्या बाबतीत चप्पल काही वेळेवर पोचेना. कोणीतरी "चप्पल आणा, चप्पल!" म्हणून ओरडायचं, कोणीतरी पायातली काढून धावायचं आणि तोवर ही उभी राहून त्या धावणाऱ्याकडे बघून हसायची. त्यावरून गावाने निकाल दिला की ही मिरगी नव्हे. मिरगी असती तर हातपाय झाडले असते, तोंडाला फेस आला असता. चंद्रपूरला नेऊन डोळे तपासले, डोळे उत्तम. मग उरलं एकच, पोरगी धांदरट आहे. तेच मीही धरून बसले. "खाली बघून चाल" हे वाक्य मी त्या उन्हाळ्यात किती वेळा म्हटलं असेल! एकदा वरणाची वाटी घेऊन पडली आणि ओठ फाटला, तर मी आधी तिला धपाटा घातला आणि मग रक्त पुसलं. आज इतकी वर्षं झाली, तो धपाटा माझ्या हाताला अजून आठवतो.

शाळा सुरू झाली आणि मी तिला बांधायला लागले. हो, बांधायला. शेजारच्या सोमीआत्या तिला सांभाळायच्या. त्या सत्तरीच्या, अंगाने काडी, तिच्यामागे कुठवर धावणार? म्हणून जुन्या लुगड्याचा पट्टा मितूच्या कमरेला आणि दुसरं टोक ओसरीच्या खांबाला. बसली राहील तर पडणार नाही, असा माझा हिशेब. वर्गात पाढे शिकवताना माझं लक्ष सगळं त्या खांबाकडे असायचं.

अशाच एका दुपारी सुईभाऊ आले. ओरडत आले, ओसरीवर चढले आणि एकदम गप्प झाले. त्या माणसाला गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मधल्या सुटीत मी घरी आले होते. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मितूसमोर उकिडवे बसले, नेहमीसारखं तिचं बोट धरलं, थेंब घेतला. "झकास," म्हणाले, पण हळूच. मग बोट सोडायचं सोडून त्यांनी तिचे दोन्ही तळवे उताणे केले आणि बराच वेळ बघत राहिले.

"बाई, हिचं कपाळ पाहा. हनुवटी पाहा. साऱ्या खुणा आहेत. पण तळहातावर एक ओरखडा नाई. काऊन?"

"काऊन म्हणजे?" मी वैतागून विचारलं.

"अजी, पडणारं लेकरू हात टेकते. तुमी पडा, मी पडतो, पहिले हातच पुढं येतात. हिचे हात येतच नाईत. पडाच्या टायमाले आंगातलं बळच एका पळासाठी जाते हिचं." आता त्यांचा आवाज चढायला लागला. "आमच्या ट्रेनिंगले डाक्टर सांगत होते. साऱ्याच फिटमदी हातपाय नाई हालत. एक फिट अशी असते का लेकरू नुसतं गळून पडते. लहान लेकराईले होते. बाई, हे धांदरट नाई वो! हे दुखणं आहे! अन् दुखण्याले औषध असते!"

इतक्या आनंदाने कोणी कोणाला दुखण्याची बातमी दिली नसेल. मी मात्र खाली बसून रडायला लागले. माझं लेकरू आजारी आहे म्हणून नव्हे, मी तिला मारलं म्हणून. सुईभाऊंनी मला रडू दिलं आणि तेवढ्या वेळात पट्टा सोडून टाकला. "पोरगी मोकळी राहू द्या," ते म्हणाले. "बांधाचंच आहे तर तिचं पडणं बांधू."

त्यांनी पिशवीतून सुतळी काढली. मितू पडली की एक गाठ, दर रविवारी नवी दोरी. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील की दिवसातून किती वेळा पडते, आणि आईचं उत्तर नेहमी "खूप वेळा" असं असतं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, वही का नको? त्यांनी सोमीआत्यांकडे बोट दाखवलं. दिवसभर त्याच तिच्यापाशी असायच्या आणि अक्षर त्यांना येत नव्हतं. गाठ मात्र मारता यायची.

मोकळी केली तर डोकं फुटेल, याचीही तजवीज त्यांनीच केली. दोरीनेच मितूच्या डोक्याचं माप घेऊन गेले आणि पंधरा दिवसांनी एका बुरडाकडून बांबूची टोपी विणून घेऊन आले. आतून काटेसावरीच्या कापसाची गादी, हनुवटीखाली बांधायला नाडी, कपाळावर पुढे आलेली जाड कड. "घाल, राजा! आता पड कितीही!" मितू टोपी घालून लगेच पडली, उठली आणि टोपीवर टकटक वाजवून दाखवलं. शाळेतली सगळी पोरं त्या टोपीवर इतकी भाळली की चार दिवसांत अर्ध्या वर्गाच्या डोक्यावर टोपल्या आल्या. माझी नजर पडली की टोपल्या खाली, पाठ वळली की वर. पहिल्यांदाच मला वर्गात ओरडावंसं वाटलं नाही.

पहिल्या रविवारी दोरी मोजली. एकोणतीस गाठी. ती घेऊन आम्ही चंद्रपूरला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोरी हातात घेऊन पाहिली, सुईभाऊंचा अंदाज बरोबर असल्याचं सांगितलं आणि गोळी सुरू केली. महिनाभराने सांगा, कमी झालं नाही तर नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे जावं लागेल, म्हणाले. गावी आल्यावर सुईभाऊंनी ओसरीवरून जाहीर केलं, "गोळी सुरू झाली! आता मितू सुधरते!" आणि सोमीआत्यांच्या हातात नवी दोरी दिली.

पुढच्या रविवारी सतरा गाठी. त्याच्या पुढच्या रविवारी चौदा.

काय सांगू, घरात सण झाला! सुईभाऊ त्या दोरीला कधी डोक्यावर धरून नाचत होते, कधी सायकलच्या हँडलला बांधत होते. गावभर गूळ वाटला. माझे यजमान एरवी अतिशय मोजके बोलणारे, तेही दोरी खिशात घालून पाटलांना दाखवून आले. नागपूरला जायची गरज नाही, हे आम्ही ठरवून टाकलं. खरं म्हणजे संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर मितू पडायचीच. गोळीने पेंगायची आणि पेंगली की उलट जास्तच पडायची. पण मला दोरी हवी होती. डोळ्यांना मी सांगायची, तुम्ही गप्प बसा.

त्यानंतरच्या फेरीला सुईभाऊ सकाळीच आले. रविवार होता. मी चुलीपाशी होते. नेहमीचा पुकारा आला नाही म्हणून बाहेर डोकावले, तर ते सायकल धरून अंगणात थिजलेले आणि ओसरीवर सोमीआत्या उगवत्या सूर्याकडे तोंड करून दोरीची एक गाठ सोडत होत्या. अगदी भक्तिभावाने, नखाने उकलून.

"आत्या! अहो काय करताय!" मी किंचाळलेच.

म्हातारी दचकली. तिला कळेना की चुकलं काय. "दिवस खोलून राह्यली, बाई," ती म्हणाली. "सकाळी सूर्य निंगते तवा एक. अन् सांजेले अजून एक. पोरगी लवकर सुधरली पाह्यजे म्हून."

आत्यांच्या गोंड समाजात लग्नाचं निमंत्रण दोरीने जायचं. जितके दिवस उरले तितक्या गाठी. पाहुण्याने रोज एक सोडायची आणि शेवटची सुटली की लग्नाला निघायचं. गोळी मिळाली, नवी दोरी मिळाली, सुईभाऊंनी "आता सुधरते" म्हणून सांगितलं, म्हणजे बरं होण्याचा दिवस ठरला, असं आत्यांनी धरलं होतं. पडली की गाठ मारायच्या, ते सांगितलं होतं म्हणून. आणि दिवस जवळ यावा म्हणून सोडायच्याही. रीत दिवसाला एक गाठ सोडायची, पण प्रेमापोटी त्या दोन सोडायच्या.

सुईभाऊ पायरीवर बसून बोटं मोजायला लागले. "रोज दोन, हप्त्याच्या चौदा. सतराच्या एकतीस झाल्या. चौदाच्या अठ्ठावीस." त्यांचा चेहरा उतरला. "काईच कमी नाई झालं, बाई. मी गूळ कायले वाटला?"

माझा राग असा उसळला की मी आत्यांना काय बोलले असते देव जाणे. सुईभाऊ मध्ये उभे राहिले. "तिच्यावर नोका चिल्लावू. चूक माही आहे. माह्या बहिणीच्या लग्नाच्या दोऱ्या मीच गावोगाव वाटल्या होत्या. मले माहीत नव्हतं का दोरी देल्ली तर माणूस काय समजते? सांगतलंच नाई मी, का हे लग्नाची नाई." मग ते आत्यांपाशी बसून गोंडीत बरंच काही बोलले. म्हातारी तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. ते तिच्या पाठीवर थोपटत राहिले. आणि थोपटता थोपटता त्यांचे डोळे एकदम चमकले. मला ती चमक ओळखीची होती.

"बाई! दोन दोऱ्या करू! एक बांधाची, एक खोलाची!"

त्यांनी दुसरी दोरी काढली आणि अकरा गाठी मारल्या. अकराव्या दिवशी नागपूर. ती दोरी लाल रंगात बुडवली, म्हणजे चूक नको. पांढरीवर फक्त मारायच्या, लालवर फक्त सोडायच्या. आत्यांनी लाल दोरी कपाळाला लावली. मी त्यांचे पाय धरले, तर म्हणाल्या, "असू दे, बाई, तुमाले दुखणं कोणी सांगतलं नव्हतं, मलेही दोरी कोणी सांगतली नव्हती." त्या अकरा दिवसांत त्यांनी एका दिवसाला एकच गाठ सोडली आणि शेवटची सुटली तेव्हा स्वच्छ लुगडं नेसून एस.टी.च्या थांब्यावर आमच्या आधी हजर होत्या. नागपूरला यायचं त्यांनी आपलं आपणच ठरवलं होतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढला, तीन पांढऱ्या दोऱ्या टेबलावर पसरल्या आणि माझ्याऐवजी आत्यांनाच प्रश्न विचारले. कधी जास्त पडते? झोपेतून उठली की. पुढे पडते की मागे? पुढे. आत्यांनी उभं राहून पडूनही दाखवलं, नर्स धावत आली. डॉक्टर हसले आणि औषध बदललं. आधीची गोळी हळूहळू कमी करायची, नवी एक दिवसही चुकवायची नाही, बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. हमी त्यांनी कसलीच दिली नाही. "दोरी चालू ठेवा," एवढंच म्हणाले.

दोरी चालू राहिली. सव्वीस. एकोणीस. परत चोवीस, तेव्हा मी जेवले नाही. मग अकरा, सहा, दोन. आणि थंडी संपता संपता एक रविवार असा आला की दोरीवर एकही गाठ नव्हती. सुईभाऊंनी ती उलटसुलट करून पाहिली, आत्यांकडे संशयाने पाहिलं. आत्यांनी दोन्ही हात वर केले. तेव्हा ते अंगणात असे काही ओरडले की कोंबड्या कौलांवर चढल्या.

त्या उन्हाळ्यात त्यांची बदली सिरोंच्याकडे झाली. जाताना भिंतीवरच्या चौकटीत शेवटची तारीख टाकली आणि तिच्यापुढे निळ्या पेन्सिलीने एक टोपी काढली. पुढल्या वर्षी मितू पहिलीत बसली. वाचायला जरा मागे होती, पण एकाही खांबाला बांधलेली नव्हती. बरेच महिने ती पडली नाही, तेव्हा डॉक्टरांनी टोपी काढायला परवानगी दिली. आणि सव्वीस जानेवारीच्या शर्यतीत आपण धावणार, टोपीशिवाय धावणार, असं तिने जाहीर केलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण खांबाचा तो लुगड्याचा पट्टा आठवला आणि तोंड मिटलं.

सोमीआत्यांनी पंधरा गाठींची लाल दोरी करून एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर सिरोंच्याला धाडली. सुईभाऊ पंचवीस तारखेलाच हजर! "ट्रिंग ट्रिंग" ऐकून मी बाहेर आले. म्हटलं, "भाऊ, उद्या आहे शर्यत."

ते ओशाळले. "परवा दोन खोलल्या, बाई. राहवलं नाई."

"आत्यांवर मात्र मी ओरडले होते," मी म्हटलं, आणि ओसरीवरच्या आत्यांसकट आम्ही तिघंही पोट धरून हसलो. ती आमची शेवटची भेट ठरली. पुढे काही वर्षांनी, ते गेल्याची बातमी त्यांच्या जागी आलेल्या माणसाने सांगितली. त्याने माझा थेंब घेतला आणि मुकाट्याने नाव लिहिलं, तेव्हा मला भडभडून आलं.

पण सव्वीस जानेवारी सांगायची राहिली. झेंडावंदन झालं, मैदानावर चुन्याची रेघ आखली, सहा मुली उभ्या राहिल्या. सुईभाऊ टोपी छातीशी धरून रेघेच्या बाजूला. शिट्टी वाजली आणि मितू सुटली! केस मोकळे, हात हवेत, तिसरी होती, मग दुसरी. सुईभाऊ रेघेच्या बाजूने तिच्याबरोबर धावत होते, "पळ, राजा, पळ!" आणि अर्ध्यावर ती पडली.

एवढ्या महिन्यांनी, परत? मितू उठून बसली आणि भोकाड पसरून रडायला लागली. सुईभाऊ तिच्यापाशी पोचले होते. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले, तळवे उताणे केले आणि उन्हात धरले, काचेची पट्टी धरायचे तसे.

"बाई!" ते ओरडले, "पाह्य ना, बाई, पाह्य ना! तळहात खरचटले! हात टेकले पोरीनं, हात टेकले!"

मी धावत गेले. दोन्ही तळव्यांवर माती, आणि मातीतून वर आलेले रक्ताचे बारीक थेंब. तिच्या पुढे एका मुलीची चप्पल निसटून पडली होती, त्या चपलेला अडखळून ती पडली होती. कपाळावर काही नाही, हनुवटीवर काही नाही. सुईभाऊ रडत होते, हसत होते आणि म्हणत होते, "काय झकास थेंब आला!"

मागून सोमीआत्या धापा टाकत आल्या. हातात पांढरी दोरी तयारच होती. "गाठ मारू का?" त्यांनी घाबरत विचारलं.

"नाई, आत्या," सुईभाऊ म्हणाले. "हे पडणं दोरीचं नाई. असं तं सारेच पडतात."